जावयाचं दुखत नाही

"काय म्हणतायत जावईबापू?" तेओपिस्तानं विचारलं.

"काय म्हणणार? दुखत नाही म्हणतायत." नासुना स्वयंपाकाच्या खोपीत शिरली, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन चटईवर बसली आणि गुडघा चोळू लागली. "काल दुखत नव्हतं, आज दुखत नाही, उद्याही दुखणार नाही. माणूस आहे की दगड, देव जाणे."

"जावई आहे," तेओपिस्ता म्हणाली. "दुसरं काय म्हणेल?"

दोघी हसल्या. नासुनाचा भाऊ, म्हणजे तेओपिस्ताचा नवरा, गेल्यापासून नणंद-भावजयीत हसण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून हे हसू दोघींनी जरा लांबवलं.

तेओपिस्ताच्या मांडीवर केळीचं अजून न उलगडलेलं पान होतं. उकळून गार केलेल्या पाण्यात फडकं बुडवून ती ते पान आतून पुसत होती. शेजारी गाळलेल्या मधाचं मडकं आणि सोललेली कोरफड. हे काम तिच्याकडे तिच्या आजीकडून आलं होतं. पेजेच्या भांड्यात हात घातलेलं मूल, रॉकेलच्या दिव्यानं पेटलेली बाई, चोरून दारू गाळताना भाजलेला बाप्या, या टेकडीवरचं कुणीही भाजलं की पहिल्यांदा हिच्या अंगणात येई. आधी ती गार पाणी ओतायला लावी. कुणी शेण नाहीतर राख थापून आणली असेल तर त्याच्या सात पिढ्या काढी. मग माणसाला उन्हात बसवून जखमेकडे कितीतरी वेळ नुसती बघत राही. "बघितल्याशिवाय मी मध लावत नाही," असं ती म्हणायची आणि ते खरंच होतं. लाल, ओली, वारा लागला तरी माणूस कळवळतो अशी जखम ती आपली मानी. पांढुरकी, कोरडी दिसली आणि माणूस गप्प बसलेला असला, की ती मडकं झाकून ठेवी आणि मिशनच्या इस्पितळाची वाट दाखवी. तिच्या हातून माणसं बरी होत याचं निम्मं कारण हे होतं, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं.

या जखमेकडे मात्र तिनं पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? भाजला होता तिचा जावई.

सासूनं जावयाच्या समोर यायचं नाही, त्याचं तोंड बघायचं नाही, त्याच्याबरोबर एका छपराखाली बसायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. जावयानंही तसंच. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. मोडलं तर म्हातारपणी हात थरथरतात म्हणतात. उतारावरच्या एका म्हाताऱ्याच्या हातातला पेला तोंडापर्यंत जाईतो अर्धा सांडतो, आणि त्याच्या सासूचा विषय निघाला की सगळे दुसरीकडे बघू लागतात.

म्हणून प्रश्न तेओपिस्ताच्या तोंडून निघे, नासुना तो घेऊन अंगण ओलांडी आणि अंगणाच्या टोकाच्या खोलीशी जाऊन बिराबवाला सांगे. बिराबवा म्हणजे तेओपिस्ताची थोरली. ती आत जाऊन नवऱ्याला विचारी. उत्तर त्याच वाटेनं परत येई, आणि येता येता प्रत्येक जण त्याला थोडं धुऊन-पुसून घेई.

"ताप?" तेओपिस्तानं विचारलं.

"किंचित. तो काय, पडून पडून येतो."

"मग आज मध जरा जास्त लावायला सांगा, वन्सं. आणि पान घट्ट बांधू नका म्हणावं."

"सांगते. आणि ते कापडाचं?"

"त्याचं काय आता."

"त्याचं काय म्हणजे? सासूच्या अंगावर चालून आला तो. बरा झाला की तुला कापड आणि बोकड द्यायचा, कबूल केलंय त्यानं. रीत म्हणजे रीत."

तेओपिस्तानं पान पुन्हा पुसायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.

*

खोलीत बिराबवा नवऱ्याच्या मांडीवरचं कालचं पान सोडवत होती. खोली तिच्या धाकट्या भावाची, सेबोवाची. जावयाला सासऱ्याच्या घरात निजवता येत नाही म्हणून क्येयुनेला इथंच ठेवलं होतं. खाट लहान आणि माणूस थोराड. त्याच्या टाचा खाटेबाहेर होत्या.

तो भाजला तो दिवस बिराबवाच्या वडिलांच्या शेवटच्या विधीचा. अंगणभर माणसं, सेबोवाच्या खांद्यावर झाडाच्या सालीचं कापड घालून त्याला वारस म्हणून बसवलेलं, ढोल वाजत होते. क्येयुने मागच्या बाजूनं केळीचे घड घेऊन येत होता. स्वयंपाकाच्या खोपीच्या कोपऱ्यावर सासू अचानक समोर आली. त्यानं तोंड फिरवून मागे उडी घेतली, आणि मागे चुलाणावर हाडांच्या रश्शाचं मोठं पातेलं रटरटत होतं. पातेलं कलंडलं, तो त्यातच बसला. वरचा चरबीचा थर त्याच्या पांढऱ्या झग्यात मुरला आणि झगा अंगाला चिकटला. एवढं होऊनही माणूस ओरडला नाही. सासुरवाडीच्या कार्यात कोण ओरडतं? तो चालत या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि सेबोवाच्या हाती भाला-ढाल देऊन त्याला वारसाची आण घालून होईपर्यंत आतच पडून राहिला. बिराबवाला कळलं तोवर गार पाण्याची वेळ निघून गेली होती.

"यंदा केळ्याला उठाव आहे," क्येयुने छपराकडे बघत सांगत होता. "बाजाराच्या दिवशी मी नसलो तरी ट्रक भरेल. माझा तो भागीदार जरा आळशी आहे, पण मोजायला पक्का. तुला सांगतो, मागच्या खेपेला..."

पानाचा एक दोरा जखमेत रुतून बसला होता. बिराबवानं तो नखानं उचकटायला घेतला. निघेना. तिनं जोर केला. नख आत गेलं, चांगलं आत गेलं. तिनं वर पाहिलं.

"...घड हिरवे होते म्हणून परत पाठवत होता. म्हटलं, अरे, हिरवेच लागतात, शिजवायला काय पिवळे घेणार?"

तिनं नख तसंच ठेवलं. रक्त आलं नाही.

"दुखतंय?" ती म्हणाली.

"नाही."

"अहो, मी आहे. आत्या नाही, आई नाही, कुणी नाही. मला खरं सांगा."

क्येयुनेनं मान तिच्याकडे वळवली. त्याचे डोळे तापानं चकाकत होते. "खरंच सांगतोय ग. कडेला हुळहुळतं. मधे कुणी खिळा ठोकला तरी कळायचं नाही. आईंच्या औषधाचा गुण म्हणायचा."

मधाच्या वासाखालून दुसरा एक वास येत होता. तो काल आला तेव्हा तिनं खिडकी उघडून दिली होती आणि स्वतःलाच समजावलं होतं की चटई जुनी आहे. आता त्या समजावण्याचीच तिला लाज वाटली.

*

बिराबवा खोपीत शिरली ती गुडघे न टेकता. आईसमोर आणि आत्यासमोर ती आयुष्यात अशी ताठ उभी राहिली नव्हती.

"आई, ह्यांचं दुखत नाही."

"कळलं ग. आत्यानं सांगितलं."

"तुला कळलेलं नाही. खरंच दुखत नाही. मी नख घातलं जखमेत. हे मला केळ्यांच्या ट्रकचं सांगत होते, ते सांगतच राहिले."

तेओपिस्ताच्या हातातलं फडकं थांबलं.

"रंग कसा आहे?"

"कडा लाल. मधे पांढरट, कडक. उकडलेल्या केळ्याच्या सालीसारखं."

"वास?"

बिराबवानं नाकावर हात धरला.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू? पार कमरेपासून मांडीपर्यंत भाजलंय. आत्यासमोर मांडी म्हणू? मी पाय म्हटलं."

"मी पोटरी म्हटलं," नासुना हळूच म्हणाली. "वहिनीसमोर जावयाचा पाय तरी कसा म्हणायचा? पोटरी बरी वाटली."

तेओपिस्ताला रागवायचं होतं, पण रागवायला तोंड नव्हतं. 'दुखत नाही' हा निरोप रोज आला होता. दुसऱ्या कुणाचा आला असता तर तिनं त्याच क्षणी मडकं झाकलं असतं. जावयाचा आला म्हणून तिनं तो हसण्यावारी नेला. माणूस रोज खरं बोलत होता आणि आपण त्याला शिष्टाचार समजलो, हे तिच्या घशाखाली उतरेना.

सेबोवा कॉफीच्या बिया उन्हात पसरत होता, तो ताईचा आवाज ऐकून आला. नवा वारस. वडिलांच्या तिवईवर बसायचा हक्क त्याला मिळाला होता, पण अजून तो तिच्या कडेलाच टेकायचा. पहिल्या संध्याकाळी त्यानंच म्हटलं होतं, दाजींना इस्पितळात नेऊ. तेव्हा आई म्हणाली होती, "माझ्या अंगणात भाजलेला माणूस मी दुसऱ्याकडे पाठवू? उद्यापासून माझ्याकडे कोण येईल?" आणि तो गप्प बसला होता. घरचा धनी होऊन पहिलाच शब्द त्यानं गिळला होता, आणि तो त्याला रोज वर येत होता.

"आता नेऊया," तो म्हणाला. "कॉफीच्या व्यापाऱ्याची पिकअप उभी आहे खाली. मी दाजींना सांगतो."

तो गेला आणि लगेच परत आला.

"नाही म्हणतायत."

"नाही काय म्हणतायत?" बिराबवा म्हणाली.

"म्हणतात, सासूबाईंच्या औषधावर असताना मी इस्पितळात गेलो तर टेकडीवर काय बोलतील? मी त्यांच्या नावाला बट्टा लावणार नाही. आईंनी स्वतः जखम बघून जा म्हटलं तर जाईन. मी म्हटलं, आईनंच सांगितलंय. तर हसले. म्हणाले, तुम्ही लोक निरोप कसे आणता ते मला ठाऊक आहे."

नासुनानं मान खाली घातली.

"बघून," तेओपिस्ता म्हणाली.

"हो. म्हणजे ते होणारच नाही, हे त्यांनाही माहीत आहे."

"मी बघते."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का?" नासुना उठूनच उभी राहिली. "आधीच तो तुझ्या अंगावर आला, त्याचंच निस्तरायचंय. त्यात तू त्याच्या खाटेशी जाणार? भाऊ जाऊन वर्ष झालं नाही. लोक थुंकतील. आणि तुझे हात थरथरायला लागले तर मध कोण लावणार लोकांना?"

"आत्या, हे मरतील," बिराबवा म्हणाली.

"मी काय त्याच्या वाईटावर आहे?"

"आहातच. तुम्हाला बोकड पाहिजे. पहिल्या दिवसापासून चूक ह्यांची, चूक ह्यांची. अंगण भरून बायका हसल्या ह्यांना. एवढा मोठा बाप्या पातेल्यात बसला म्हणून. तेव्हा आई, तूही गप्प होतीस."

तेओपिस्ता फडकं पिळू लागली.

"ताई, पुरे," सेबोवा म्हणाला. मग तो आत्याकडे वळला. एरवी तो तिच्याशी बोलताना नजर खाली ठेवायचा. "आत्या, रीतीभाती तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतात. लग्नात ताईला तुम्हीच सगळं शिकवलंत. मग यातून वाटही तुम्हीच काढा. आईनं बघायला हवं आणि दाजी जायला हवेत. एवढं दोन्ही मला आजच पाहिजे."

नासुनानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. भावाचा आवाज तो गेल्यापासून तिनं ऐकला नव्हता. तो आत्ता या पोराच्या तोंडून ऐकल्यासारखा झाला, आणि तिचा विरोध कुठल्या कुठे गेला.

"तोंड झाकू," ती शेवटी म्हणाली. "सालीचं कापड डोक्यापासून छातीपर्यंत, आणि खाली गुडघ्यापासून. तोंड बघायचं नाही एवढंच सांगून ठेवलंय. मांडी बघू नये असं कुणी सांगितलेलं नाही. इतका निर्लज्जपणा कुणाला सुचलाच नव्हता, म्हणून सांगितलं नसेल."

*

खोपीपासून खोलीपर्यंतचं अंगण तेओपिस्ताला कधी एवढं मोठं वाटलं नव्हतं. कोपऱ्यावर चुलाणाचे दगड अजून होते आणि सांडलेल्या चरबीवर मुंग्या लागल्या होत्या. ती त्यांच्या बाजूनं गेली.

ती त्या दिवसाचं स्वतःशीही नीट बोलली नव्हती. कोपऱ्यावरून वळताना सासूनं खाकरायचं असतं, म्हणजे जावई असेल तर वेळेवर बाजूला होतो. तिनं क्येयुनेला कुडाच्या फटीतून येताना पाहिलं होतं. खांद्यावर घड, तोंडानं काहीतरी गुणगुणत. आणि ती खाकरली नव्हती. मुद्दाम. हे पहिल्यांदाच नव्हतं. हा माणूस तिला पहिल्यापासून पसंत नव्हता. बिराबवासाठी तिच्या मनात शाळेतले गुरुजी होते, आणि मिळाला हा केळी भरणारा. पण एवढा धिप्पाड गडी तिला बघून कॉफीच्या झुडपात उडी टाकतो, सपाता एकीकडे आणि टोपी एकीकडे, हे बघून तिला हसू यायचं. नवरा गेल्यावर तर हसण्यासारखं तेवढंच राहिलं होतं. त्या दिवशी ढोलांच्या आवाजात ती कुडाआड थांबली, त्याला जवळ येऊ दिलं आणि मग पुढे झाली. मागे पातेलं आहे हे तिला माहीत होतं. तिनंच ते तिथं ठेवायला सांगितलं होतं. त्या घटकेला ते तिच्या डोक्यात नव्हतं, एवढंच ती स्वतःच्या बाजूनं म्हणू शकत होती, आणि तेवढ्यानं काही होत नव्हतं.

दार बुटकं होतं. ती वाकून आत गेली. नासुना डोक्याशी उभी राहिली, बिराबवा पायाशी, सेबोवा दारात पाठमोरा.

कापडाखाली क्येयुनेनं पावलांचा आवाज ओळखला. सासूचा चेहरा त्याला नीट माहीत नव्हता, पण चाल पाठ होती. आठ वर्षं तो या चालीपासून पळत होता. सालीच्या कापडाला धुराचा वास होता, गुदमरायला होत होतं. पण कापड काढा म्हणायची त्याची छाती नव्हती. आपली उघडी मांडी ती बघणार या विचारानं त्याला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की तापही बाजूला पडला.

तेओपिस्तानं पान उचललं. तिला बघायला फार वेळ लागला नाही. मधला पांढरा भाग तळव्यापेक्षा मोठा होता. कडेनं खालपर्यंत लाल रेघा उतरल्या होत्या आणि पानाखाली साठलेलं पाणी हिरवट झालं होतं. ही जखम पहिल्या दिवसापासून तिची नव्हती. तिनं आपल्या हातानं मध गाळून, पान पुसून, रोज तिच्यावर झाकण घातलं होतं.

"हे मधाचं काम नाही," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या. त्यांना सांगा, मी बघून सांगतेय."

कापडाखालून आवाज आला. "आत्याबाई, आईंना सांगा, जातो."

"वहिनी, जातो म्हणतायत," नासुना म्हणाली. दोघांत हातभराचं अंतर होतं.

"आणि त्यांना हेही सांगा," क्येयुने म्हणाला. बोलताना त्याला धाप लागत होती. "इस्पितळात माझं काही बरंवाईट झालं, तर माझ्या घरचे विचारायला येतील. तेव्हा सगळ्यांनी सांगायचं, की त्या दिवशी आई खाकरल्या होत्या. ढोल वाजत होते, मला ऐकू आलं नाही. चूक माझीच. कापड आणि बोकड माझा भाऊ देईल."

नासुनानं पुन्हा निरोप द्यायला तोंड उघडलं. तेओपिस्तानं हातानं तिला थांबवलं.

तिला गप्प बसता आलं असतं. जावयानं तिच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, नणंद साक्षीला होती. मान हलवली असती तरी भागलं असतं. इतके दिवस ती तेच करत आली होती. पण हा माणूस मरायला टेकला असतानाही तिची अब्रू सावरत होता, आणि ती ते निमूट घेणार होती, हे आता तिला स्वतःच्या अंगाला चिकटलेल्या घाणीसारखं वाटलं.

"क्येयुने," ती म्हणाली.

नासुनाच्या हातातून कापडाचं टोक सुटलं. जावयाचं नाव सासूच्या तोंडात तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"मी खाकरले नव्हते. तुम्ही येताना मला दिसला होतात. मी मुद्दाम समोर आले. तुम्ही उडी मारता ते बघून मला मजा वाटायची."

सेबोवा दारातून वळला. बिराबवानं हातातलं मधाचं भांडं जमिनीवर ठेवलं, सावकाश, सांडू न देता.

"माहीत आहे, आई," कापडाखालून क्येयुने म्हणाला. आता त्यानं आत्याला मधे घेतलं नाही. "पडताना मी बघितलं तुमच्याकडे. तुम्ही हसत होतात."

*

पिकअपच्या मागच्या बाजूला चटई आणि गवत टाकून क्येयुनेला निजवलं. तोंडावरचं कापड काढलं होतं. त्याला श्वास पुरत नव्हता, तेव्हा त्या बाबतीत कुणी काही बोललं नाही. बिराबवा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तेओपिस्ता फळीला धरून वर चढू लागली.

"तू येऊ नकोस," बिराबवा म्हणाली.

तेओपिस्ता एक पाय वर, एक पाय खाली अशी थांबली.

"आई येईल," सेबोवा पुढच्या दारातून म्हणाला. "काय लावलं, कधी लावलं, हे डॉक्टरला तिच्याशिवाय कोण सांगणार? ताई, तुला तिच्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण ती येईल."

बिराबवानं तोंड फिरवलं. तेओपिस्ता चढली आणि जावयाच्या पायाशी बसली. नासुना गाडीजवळ आली आणि मग नुसतीच मागं सरकली. बोकडाचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही, पण ते पुढचं.

गाडी केळीच्या बागेतून खाली उतरली. सासू आणि उघड्या तोंडाचा जावई एका गाडीत, हे बघून वाटेवरच्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. तेओपिस्तानं नेहमीच्या सवयीनं मान फिरवली. मग तिनं ती परत आणली आणि क्येयुनेकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते. एवढी वर्षं ज्याला नावं ठेवली तो चेहरा ती पहिल्यांदाच जवळून, नीट बघत होती. साधा चेहरा होता. भुवया दाट, खालचा ओठ चावून चावून फुटलेला. तो कधी चावला असेल हे तिला विचारावं लागलं नाही.

मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी गुरं आडवी आली आणि गाडी थांबली. रस्त्याकडेला बायका कॉफीच्या बिया वाळवत होत्या. त्यांतली एक धावत आली. हिचा मुलगा पेजेनं भाजला होता तेव्हा तेओपिस्तानंच बरा केला होता, आता तो शाळेत जात होता.

"तेओपिस्ता, कुठं निघालात? कोण भाजलं?"

"जावई."

"अरे देवा. कशानं?"

बिराबवानं मान वर केली. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच आईकडे बघत होती.

"माझ्यामुळं," तेओपिस्ता म्हणाली.

बाईनं मान हलवली, जशी भल्या माणसांच्या बोलण्याला हलवतात. "असं मनाला लावून घेऊ नका हो. तुमच्या हाताला गुण आहे, सगळ्या टेकडीला माहीत आहे. पोराचं नशीब म्हणून तुमच्या घरी भाजला. दुसरीकडे असता तर..."

शेवटचा बैल रस्ता ओलांडून गेला. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. तेओपिस्तानं हात मागे नेऊन केबिनच्या पत्र्यावर थाप मारली, तशी त्यानं पुन्हा ब्रेक लावला. ती गाडीत उभी राहिली. कॉफीजवळच्या सगळ्या बायकांना ती आता दिसत होती.

"नशीब नाही," ती म्हणाली. "मी त्याला पातेल्यात पाडलं. मुद्दाम समोर जाऊन. आणि मग न बघता मध लावत राहिले."

बाई गाडीच्या फळीवरचा हात काढून दोन पावलं मागं झाली.

तेओपिस्ता खाली बसली. "चला आता," तिनं ड्रायव्हरला सांगितलं.